इराण्याकडे जाताना: चहा येईपर्यंत काय बघायचं

पुण्यात इराण्याकडे, म्हणजे इराणी माणसाच्या जुन्या चहाच्या हॉटेलात, पहिल्यांदाच जाणार असाल तर मधला वार निवडा, मंगळवार किंवा बुधवार, आणि सकाळी आठ-साडेआठला पोचा. शनिवार-रविवारी दाराशी माणसं ताटकळलेली असतात. बसलेल्यांना उठायची घाई, उभ्यांना बसायची. अशा गर्दीत बन मस्का मिळतो, खोली काही दिसत नाही. आणि मी हे सगळं लिहितेय ते खोलीसाठी.

मस्का आणि चहा यांबद्दल पुण्यात भरपूर बोललं जातं. खोलीची वेळ आली की ‘जुनं वातावरण’ एवढ्या दोन शब्दांत सगळं उरकतं. वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, संगमरवरी टेबल, भिंतीवरचे आरसे, दारालगतचा गल्ला यांतली प्रत्येक वस्तू कुणीतरी विचार करून निवडलेली आहे. खुर्ची तर जगाच्या डिझाइनच्या इतिहासात मानाचं पान असलेली. युरोपात ती संग्रहालयात ठेवतात, हात लावू देत नाहीत. आपल्याकडे तिच्यावर बसून लोक पेपर वाचतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि नव्या माणसानं पहिल्याच भेटीत ती ओळखावी असं मनापासून वाटतं.

जायचं कुठे

पहिल्या भेटीला डेक्कनचं कॅफे गुडलक. सुरुवात १९३५ सालची. चौकालाच गुडलक चौक म्हणतात, त्यामुळे रिक्षावाल्याला वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. मेट्रोनं येत असाल तर वनाज–रामवाडी मार्गावर डेक्कन जिमखाना स्थानकात उतरा आणि दहाएक मिनिटं चाला. फर्ग्युसन रस्ता इथूनच सुरू होतो, म्हणून कॉलेजच्या मुलांचा राबता पिढ्यान् पिढ्यांचा. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, पुढे १९६० साली त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. ती जागाही इथून लांब नाही, तेव्हा शेजारच्या टेबलावर पटकथेवरून वाद चालला असेल तर नवल वाटून घेऊ नका.

दुसरं ठिकाण स्टेशनकडचं, जहांगीर हॉस्पिटलजवळचं कॅफे व्होहुमन. तिथे लोक चीज ऑम्लेटसाठी जातात. डेक्कनहून मेट्रोनं पुणे रेल्वे स्थानकावर उतरलं की जवळच. दोन्ही जागा एकाच सकाळी होतात, पोटात तेवढी जागा ठेवली तर.

कॅम्पात दस्तुर मेहेर रस्त्यावर दोराबजी अँड सन्स आहे, १८७८ सालचं. ते आणखी जुनं, पण ती जागा पारशी जेवणाची: धनसाक, बिर्याणी. तिथे भुकेल्या पोटानं दुपारी जायचं. नवखे लोक पारशी आणि इराणी यांची गल्लत करतात. पारशी हजार वर्षांहून आधी गुजरातच्या किनाऱ्याला लागले. आपण ज्यांना इराणी म्हणतो ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आले, बरेचसे यझ्द आणि केरमान भागातून. त्यांत पारशांसारखेच झरथुष्ट्राला मानणारे झरथुष्ट्री होते तसे शिया मुसलमानही होते. भिंतीवरच्या तसबिरींवरून मालकाचं घराणं ओळखता येतं. कुठे झरथुष्ट्र दिसेल, कुठे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा. मेहेरबाबांचं मूळ नाव मेरवान शेरियार इराणी, जन्म १८९४ सालचा, पुण्यातलाच.

जुन्या पुणेकरांबरोबर असाल तर लकी, नाझ ही नावं निघतीलच. ती दारं आता बंद झाली. म्हणून जी उघडी आहेत तिथे जाणं पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

आणखी एक. मी पुढे सांगतेय ते सगळं एकाच इराण्याकडे सापडणार नाही. कुठे खुर्च्या राहिल्या आणि टेबलं बदलली, कुठे आरसे गेले, कुठे वेताच्या बैठकीच्या जागी प्लायवूड आलं. काय राहिलंय आणि काय बदललंय हे शोधण्यातच निम्मी मजा आहे.

आत शिरल्यावर

दारात थांबून आधी जागेचा कोपरा बघा. बरेचसे इराणी दोन रस्त्यांच्या नाक्यावर असतात. असं सांगतात, की नाक्याची जागा अशुभ म्हणून इथले व्यापारी ती घेत नसत, ती इराण्यांना स्वस्तात मिळाली. गोष्ट खरी असो-नसो, फायदा उघड आहे: दोन बाजूंनी दारं, दोन बाजूंनी उजेड आणि दोन रस्त्यांची गिऱ्हाइकं.

बसायला भिंतीलगतचं टेबल घ्या, पाठ भिंतीकडे, तोंड गल्ल्याकडे. तिथून सगळी खोली नजरेत येते. टेबल रिकामं नसेल तर कुणाच्या समोरच्या खुर्चीकडे बोट करून ‘बसू का?’ विचारा. इराण्याकडे अनोळखी माणसासमोर बसणं रीतीचंच आहे. समोरचा मान हलवील आणि पेपरात डोकं घालील. गप्पा मारायलाच हव्यात असं काही नाही. तुमच्याही समोर कुणी येऊन बसलं तर पिशवी उचलून जागा करून द्या.

मागवायचं लगेच. ‘काका, एक बन मस्का आणि चहा’ एवढं पुरतं. नंतर काय मागवायचं त्याकडे पुढे येते. चहा यायला जी पाच-सात मिनिटं लागतात ती खुर्चीसाठी आहेत.

खुर्ची

जवळची एखादी रिकामी खुर्ची पाठीमागून बघा. मागचे दोन पाय आणि पाठीचा टेका मिळून एकच सलग काठी आहे. डाव्या पायातून वर जाते, कमानीसारखी वळते आणि उजव्या पायात खाली उतरते. तिच्या आत एक धाकटी कमान. बैठकीचं गोल कडं. खाली चारही पायांना धरून ठेवणारं दुसरं कडं. पुढचे दोन पाय. झाले सहा तुकडे.

मिखाएल थोनेट या कारागिरानं व्हिएन्नात १८५९ साली ही खुर्ची काढली. तिला नाव काही दिलं नाही, कारखान्याच्या यादीतला आकडा तेवढा: क्रमांक १४. सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसत. खोकं बोटीनं कुठेही पाठवा, तिथे पोचल्यावर स्क्रू पिळा की खुर्ची उभी. १९३० सालापर्यंत अशा पाच कोटी खुर्च्या खपल्या. १८६९ साली थोनेटचं पेटंट संपलं आणि याकोब अँड योझेफ कोनसारख्या इतर कंपन्याही त्याच पद्धतीच्या खुर्च्या बनवू लागल्या. आपल्या इराण्यांकडे या घराण्यातली वेगवेगळी भावंडं दिसतात: कुणाची आतली कमान थेट बैठकीपर्यंत उतरलेली, कुणाच्या पाठीत नुसत्या उभ्या काड्या.

लाकूड वाकतं कसं, हे मला माझ्या मामांनी समजावलं. ते सुतारकाम करायचे आणि मला लहानपणी इराण्याकडे न्यायचे. बीच नावाचं लाकूड वाफेत मऊ करतात. पण नुसतं वाकवलं तर बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकते. म्हणून बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी घट्ट आवळतात. पट्टी ताणू देत नाही, मग लाकडाला आतल्या बाजूनं दबण्यावाचून गत्यंतर नसतं. ते दबतं, वळतं, आणि साच्यात वाळलं की तसंच राहतं. आधी थोनेट पातळ पट्ट्या सरसानं चिकटवून वाकवत असे. त्या खुर्च्या बोटीनं दूरच्या दमट, उष्ण मुलखांत गेल्या की सरस सुटायचा. सबंध काठी वाकवण्याचा आणि सांधे स्क्रूनं जोडण्याचा उपाय त्यातून निघाला. म्हणजे आपल्यासारख्या हवेनंच तिला आजचं रूप दिलं, असं मी म्हणते. पुण्याचा जुलै काढलेल्या खुर्चीवर हात फिरवताना हे आठवून बघा.

आता मामांची खूण. लाकडाच्या रेघा बघायच्या. खऱ्या वाकवलेल्या खुर्चीत रेघा वळणाबरोबर वळतात, पायापासून कमानीवरून दुसऱ्या पायापर्यंत. फळीतून कापून गोल केलेल्या नकलेत रेघा सरळच जातात आणि वळणावर कडेला येऊन तुटतात. तिथेच ती खुर्ची पुढे मोडते. काळ्या पॉलिशखाली रेघा दिसत नसतील तर जिथे पॉलिश घासून गेलंय तिथे बघा, म्हणजे पाठीच्या कमानीच्या माथ्यावर, जिथे ओढणाऱ्या हजारो हातांनी लाकूड उघडं केलंय. बैठकीच्या कड्याला आतून कधीकधी कारखान्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठीचा तुकडा असतो. खुर्ची रिकामी असेल आणि आजूबाजूला गर्दी नसेल तर वाकून बघायला हरकत नाही. उलटी मात्र करू नका. हॉटेल चालू आहे.

या खुर्चीला ‘जुनी’ म्हटलं की मला थांबवावंसं वाटतं. तिच्यावर नक्षी नाही, कोरीव काम नाही, लागतं त्याहून एक तुकडा जास्त नाही. म्हणून तर चाळीस ते सत्तर वर्षांनी आलेल्या आधुनिक वास्तुकारांना ती आपली वाटली. व्हिएन्नात १८९९ साली आडोल्फ लोसनं कॅफे म्युझियम सजवलं तेव्हा त्यानं वाकवलेल्या लाकडाच्याच खुर्च्या घेतल्या. पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनात ल कॉर्बुझिएनं जे दालन उभारलं, त्यातही थोनेटच्याच खुर्च्या होत्या. पुढे चंदीगड रचणारा तोच. म्हणजे तिकडे ज्या वस्तूत नव्या युगाची खूण दिसत होती, तिच्याच भावंडांवर इकडे कारकून, कॉलेजची मुलं आणि टांगेवाले चहा पीत बसले. आधुनिक डिझाइनशी आपली पहिली ओळख अशी, बशीतल्या चहाबरोबर झाली.

इराण्याला मात्र ती वेगळ्याच कारणासाठी सोयीची होती. एका हातानं उचलता येते, पोऱ्याला खालून झाडता येतं. कोपरे नाहीत, धोतर-लुगडं अडकत नाही. बैठक वेताची असेल तर वारा खेळतो. आणि तासन् तास रेलून बसावं इतकी ती आरामाची नाही, हेही मालकाच्या पथ्यावरच. चहाचं हॉटेल टेबल रिकामं होण्यावर चालतं.

टेबल, आरसा, गल्ला

टेबलावर संगमरवर असेल तर तळहात टेकवून बघा, वैशाखातसुद्धा गार लागेल. चादर घालायला नको, धुवायला नको, गरम कप ठेवला तर डाग पडत नाही, एका फडक्यात साफ. त्याला वावडं आंबटाचं. लिंबाचा रस संगमरवराला खातो, चकाकी जाते. टेबलावर कुठे निस्तेज ठिपके दिसले तर तिथे कधीतरी लिंबू पिळलं गेलंय. कडेला मधोमध दगड गुळगुळीत होऊन किंचित पिवळा पडलेला असतो, ती कोपरांची जागा. काही ठिकाणी चौकड्यांचं कापड अंथरून वर काच ठेवतात. तेही छान दिसतं, पण दगडाचा गारवा त्यात जातो.

आरशांकडे बघताना स्वतःकडे बघू नका. मान न वळवता आरशातून मागचं टेबल, त्यामागचं दार, दारापलीकडचा रस्ता बघा. उजेड दुप्पट होतो, लहान खोली मोठी दिसते. आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला जागचं न उठता कोणत्या टेबलावर बिल व्हायचंय ते कळतं. गल्ला नेहमी दाराशी, आणि बऱ्याचदा थोडा उंचावर. समोर काचेच्या बरण्या: खारी, नानकटाई, बिस्किटं. एका माणसानं बसल्या जागेवरून सबंध हॉटेल चालवावं अशी ती रचना आहे. हे एकदा लक्षात आलं की खोलीतली प्रत्येक वस्तू तिथेच का आहे ते उमगत जातं.

छत उंच, पंखे लांब दांड्यांवर. खालची फरशी जुनी सिमेंटची असेल तर टेबलांमधल्या वाटेवर तिचा रंग फिका झालेला दिसतो. सूचनांच्या पाट्या असतील तर त्या जरूर वाचा.

खायचं काय, कसं

इराणी चहा आपल्या अमृततुल्याच्या चहाहून वेगळा. अमृततुल्यात आलं-वेलदोडा घालून सगळं एकत्र उकळतात आणि बरेचदा उभ्यानं पितात. इराण्याकडे चहाचा अर्क वेगळा, आटवलेलं दूध वेगळं, कपात दोन्ही एकत्र येतात. मसाला नाही. चव दुधाळ, जडसर आणि गोड. कडक हवा असेल तर ‘पानी कम’ म्हणा.

बन मऊ आणि किंचित गोड असतो, ब्रून कडक कवचाचा. पहिल्यांदा बन मस्का घ्या. मस्का खारट आणि चहा गोड, ती जोडी जमलेली आहे. तुकडा चहात बुडवायचा, पण क्षणभरच, नाहीतर तळाशी जातो. मस्क्याचे पिवळे थेंब चहावर तरंगू लागले की बरोबर चाललंय असं समजा. ब्रून मिळाला तर मात्र पुरता भिजू द्या, दातांची परीक्षा बघू नका. भूक असेल तर खिमा पाव किंवा ऑम्लेट. शाकाहारी माणसानं संकोच करू नये, मस्का-चहाचं गिऱ्हाईक हेच इथलं जुनं गिऱ्हाईक.

बरोबर वयस्कर मंडळी असतील तर त्यांना दाराजवळच्या उजेडात बसवा आणि तुम्ही गप्प राहा. माझ्या आईला एका इराण्याकडे बसल्या बसल्या तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणींची नावं एकामागून एक आठवली. वीस वर्षांत घरी ती कधी निघाली नव्हती.

फोटो

खुर्चीचा, टेबलाचा, कपाचा फोटो काढायला कुणी नाही म्हणत नाही. गल्ल्यावरच्या माणसाला विचारून काढला तर बरेचदा तोच चांगली जागा दाखवतो. माणसांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. मी एकदा आरशातून खोली टिपायला कॅमेरा वर केला, तर समोरच्या आजोबांनी पेपर उचलून चेहरा झाकला. ते रोजचे, मी पाहुणी. कॅमेरा पिशवीत ठेवला तेव्हा त्यांनी पेपर खाली घेतला आणि आम्ही दोघांनी आपापला चहा संपवला. तेव्हापासून मी वही नेते. खुर्चीचं चित्र काढायला लागलं की सहा तुकडे कसे जोडलेत ते फोटोपेक्षा जास्त कळतं. चित्र वाईट आलं तरी चालतं.

फ्लॅश नको. आरशात तो चार टेबलांच्या डोळ्यांवर जातो.

उठताना

कप रिकामा झाला आणि कुणी उभं असेल तर जागा सोडा. सुटे पैसे जवळ ठेवा. बिल कुठे टेबलावर देतात, कुठे गल्ल्यावर. शेजारचे काय करतात ते बघितलं की समजतं.

खुर्ची आत सरकवताना ओढू नका. मामा दोन्ही हातांनी बैठकीचं कडं धरून उचलायचे आणि टेबलाखाली अलगद ठेवायचे. ओढल्यानं पाय फाकतात, स्क्रू ढिले होतात, भोकं मोठी होतात आणि एक दिवस खुर्ची माळ्यावर जाते. तिच्या जागी प्लास्टिकची येते. एखादी खुर्ची डुगडुगत असेल तर जाताना गल्ल्यावर हळूच सांगा: ‘तिकडच्या कोपऱ्यातली जरा हलतेय.’ कुणी रागावत नाही. दहा स्क्रूंपैकी एक पिळायचा असतो.

इथून स्टेशनकडे व्होहुमनला गेलात तर आता तुमच्याकडे तुलनेला एक खोली आहे. खुर्च्या तशाच आहेत का, गल्ला कुठे आहे, रस्त्याचा उजेड कुठून येतो, ते बघा. शेवटी रिक्षा करून कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीत जा. १९५५ सालची बेकरी, बसायला जागा नाही, फक्त घेऊन जायचं. श्रूसबेरी बिस्किटं आणि माव्याचा केक. दुपारी ती काही तास बंद असते, म्हणून बारा वाजायच्या आत पोचा. केक घरी नेईपर्यंत पिशवी आडवी होऊ देऊ नका.